परीक्षा बदलली, सराव तोच राहिला

(छत्रपती संभाजीनगर इथं शिक्षक, पालक आणि विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



समीक्षेवरचं व्याख्यान म्हटलं की लोक कादंबरीबद्दल, कवितेबद्दल, फार तर नाटकाबद्दल ऐकायच्या तयारीनं येतात. आज आम्ही ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहोत, त्याचं परीक्षण कुठल्याही दिवाळी अंकात येत नाही. दिवाळीच्या सुमारास ते घरात येतं, मार्चमध्ये परीक्षा संपली की रद्दीत जातं. तरीही आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात एकदा तरी ते पुस्तक पेन्सिलीनं खुणा करत, पानं दुमडत, रात्री जागून वाचलेलं आहे. आम्ही दहावीच्या अपेक्षित प्रश्नसंचाबद्दल बोलतोय. आणि आमचा प्रश्न असा आहे की हे पुस्तक नेमकं कोणासाठी लिहिलंय?

प्रश्न कुठून आला, ते आधी सांगतो. आम्ही म्हणजे दिव्यांग मुलांबरोबर काम करणारे काही शिक्षक आणि त्यांना येऊन मिळालेले काही पालक. दोनेक वर्षांपूर्वी अल्पदृष्टी असलेल्या एका विद्यार्थिनीला घेऊन आम्ही औरंगपुऱ्यात गेलो. पुस्तकांसाठी आपल्या शहरात माणूस दुसरीकडे कुठं जाणार? दहावीसाठी मोठ्या अक्षरातला प्रश्नसंच हवा होता. पहिल्या दुकानात गाईड दाखवलं, दुसऱ्या दुकानात त्याहून जाड गाईड दाखवलं. तिसऱ्या दुकानदारानं मात्र मान वर करून मुलीकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तसलं काही येतच नाही. आलं असतं तर ठेवलं असतं." माणूस खरं बोलला. परत येताना ती मुलगी आम्हाला म्हणाली, "सर, पेपर मला मोठ्या अक्षरात मिळणार ना? मग मी सराव बारीक अक्षरात का करायचा?"

आजचं आमचं सगळं व्याख्यान तिच्या या एका वाक्यात आहे. आम्ही फक्त ते उलगडून सांगणार आहोत.

थोडं कायद्याकडे येऊ, कारण "सवलत" हा शब्द ऐकला की अजूनही काही जणांना मेहेरबानी वाटते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांतला एक आहे. या कायद्याचं कलम १७ आपल्या कामाचं आहे. अभ्यासक्रमात आणि परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करायचे, वाढीव वेळ द्यायचा, लेखनिक द्यायचा, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट द्यायची, हे सरकारनं करायचं काम म्हणून त्यात लिहिलंय. त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, तिची आठवण कमी लोक काढतात. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या मुलांना अठराव्या वर्षापर्यंत पुस्तकं, इतर अध्ययन साहित्य आणि साधनं मोफत द्यायची, असंही तिथं म्हटलंय.

म्हणजे एकाच कलमात दोन वचनं आहेत. परीक्षा बदलण्याचं एक, साहित्य देण्याचं दुसरं. पहिल्या वचनाची अंमलबजावणी, कुरकुरत का होईना, सुरू झाली. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, आकृती-नकाशांच्या बाबतीत सूट किंवा पर्यायी प्रश्न मिळतात. दुसरं वचन पाठ्यपुस्तकाच्या आसपास कुठंतरी थांबलं. सरावाच्या साहित्यापर्यंत ते पोचलंच नाही. म्हणून आमचं म्हणणं असं की या मुलांची परीक्षा बदलली, पण त्यांच्या हातात दुसऱ्याच कुणाच्या परीक्षेचा सराव राहिला.

हे नुसतं म्हणून भागणार नाही. समीक्षा करायची तर पुस्तक उघडून पानं वाचली पाहिजेत. चला, उघडू या.

पहिलं पान सूचनांचं असतं. तिथं बहुधा वेळेचं नियोजन दिलेलं असतं. विज्ञानाचा एक पेपर ४० गुणांचा, वेळ दोन तास. म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. सल्ला चांगला आहे. आता वाढीव वेळ मिळणाऱ्या मुलाचं गणित करा. दोन तासांवर चाळीस मिनिटं जादा, म्हणजे १६० मिनिटं, एका गुणाला चार मिनिटं. भाषेचा ८० गुणांचा पेपर तीन तासांचा, तो या मुलासाठी चार तासांचा होतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलानं सलग चार तास बसून पेपर सोडवणं ही शरीराची आणि मनाची वेगळीच तयारी आहे. पाणी कधी प्यायचं, हात कधी मोकळे करायचे, अवघड प्रश्न कोणत्या तासाला घ्यायचा, हे सगळं ठरवावं लागतं. ज्यानं वर्षभर घड्याळ लावून तीन तासांचाच सराव केला, तो शेवटचा तास कसा वापरणार? आम्ही अशी मुलं पाहिली आहेत, जी जादा वेळ मिळूनही इतर मुलं उठली की उठून येतात. मिळालेला वेळ वापरायचा सराव त्यांना कुणी दिलेलाच नसतो.

आता गणिताचं पान. लेखनिक घेणाऱ्या मुलाला उत्तर लिहायचं नसतं, सांगायचं असतं. आणि लेखनिक रूढ नियमाप्रमाणे खालच्या इयत्तेतला असतो, म्हणजे त्यानं दहावीचं गणित शिकलेलं नसतं. आमच्या एका विद्यार्थ्याचं सराव परीक्षेत काय झालं ते सांगतो. तो म्हणाला, "एक्स अधिक तीनचा वर्ग." त्याच्या मनात कंस होता. लेखनिकानं कंस न घालता फक्त तीनवर वर्गाचं चिन्ह दिलं. एक्सची किंमत दोन धरली तर एका लेखनात उत्तर २५ येतं, दुसऱ्यात ११. मुलाला गणित येत होतं, लेखनिकानं ऐकलं तसंच लिहिलं, आणि गुण मात्र गेले. चूक कोणाची? आम्ही म्हणू, सरावाच्या पुस्तकाची. "कंस सुरू, एक्स अधिक तीन, कंस पूर्ण, सगळ्याचा वर्ग," असं गणित बोलायची एक भाषा असते. ती शिकवावी लागते, तिचा सराव लागतो, तोही शक्यतो त्याच लेखनिकाबरोबर. आमच्या पाहण्यात आलेल्या एकाही प्रश्नसंचात "हे उत्तर तोंडी असं सांगा" अशी एकही ओळ नव्हती. सोडवून दाखवलेली सगळी उदाहरणं स्वतःच्या हातानं लिहिणाऱ्या मुलासाठी होती.

पुढचं पान इतिहास-भूगोलाचं. "विधाने सकारण स्पष्ट करा." "फरक स्पष्ट करा." "टीपा लिहा." "संकल्पनाचित्र पूर्ण करा." आपल्याला वाटतं, यात काय अवघड? पण जन्मापासून ऐकू न येणाऱ्या मुलाच्या जागी बसून वाचा. त्याच्यासाठी लिखित मराठी ही बऱ्याचदा दुसरी भाषा असते, पहिली हातांची. कारण काय आणि परिणाम काय, हे त्याला ठाऊक असतं. वर्गात खुणांनी विचारलं तर तो फटाफट सांगतो. पण "सकारण स्पष्ट करा" या शब्दांनी आपल्याकडून नेमकं काय मागितलंय, किती वाक्यं मागितली आहेत, तिथं तो अडतो. अशा मुलाला प्रश्नातल्या क्रियापदांचा सराव हवा. "स्पष्ट करा" म्हणजे काय, "वर्णन करा" म्हणजे काय, दोन्हींत फरक काय, हे आधी भारतीय सांकेतिक भाषेत, मग लिहून. आपला प्रश्नसंच काय देतो? आठ ओळींचं छापील उत्तर, त्यात "परिणामी", "तद्वतच", "किंबहुना". ऐकणारी मुलंसुद्धा ते पाठ करतात. मग या मुलापुढं पाठांतराशिवाय दुसरा मार्ग तरी कुठला राहतो?

चौथं पान अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाच्या नजरेनं पाहू. २००७ मध्ये 'तारे जमीन पर' आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घराघरांत गेला. चांगलं झालं. पण त्या चित्रपटातला मुलगा लहान होता. तो मोठा होऊन दहावीला बसला की त्याचं काय होतं, हे आपण फारसं पाहिलं नाही. त्याच्यापुढं दोन रकान्यांत ठासून भरलेला मजकूर येतो. ओळींमध्ये जागा नाही. बहुपर्यायी प्रश्नाचे चारही पर्याय एकाच ओळीत आहेत. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत आधीच गोंधळ होतो, त्यात जोडाक्षरांची गर्दी. या मुलाला ज्ञान कमी नाही, त्याला कागदावर हवा कमी पडते. एका पानावर तीन प्रश्न, प्रत्येक पर्याय स्वतंत्र ओळीवर, ओळींत मोकळी जागा. एवढंच केलं तरी तोच मुलगा तेच प्रश्न वाचू शकतो. हे करायला कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही. कागद थोडा जास्त लागतो, इतकंच.

आता दृष्टिहीन मुलांसाठी फोन आणि संगणक आहेतच की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि फार मोठा आधार आहेत. एनव्हीडीए हा पडदावाचक मोफत आहे, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतो, दोन्हींवर मराठी ऐकता येतं. पण यंत्र वाचणार काय? एक चाचणी सांगतो, आज घरी जाऊन करा. प्रश्नसंचाची किंवा नोट्सची कुठलीही मराठी पीडीएफ उघडा, त्यातली एक ओळ उचला आणि व्हॉट्सॲपमध्ये चिकटवा. ओळ जशीच्या तशी मराठीत उतरली तर फाइल युनिकोडमध्ये आहे, यंत्र ती वाचेल. इंग्रजी अक्षरं आणि भलतीच चिन्हं उतरली तर ती जुन्या फाँटमध्ये केलेली आहे. डोळ्यांना ते पान स्वच्छ मराठी दिसतं, कानांना मात्र नुसता गोंगाट ऐकू येतो. आणि काहीच उचलता आलं नाही, तर ते पान म्हणजे फोटो आहे. डोळसांच्या व्हॉट्सॲप गटांवर "अतिमहत्त्वाचं, नक्की वाचा" म्हणून जे फिरतं, त्यातलं पुष्कळसं या शेवटच्या प्रकारातलं असतं. दृष्टिहीन मुलाच्या फोनवरही ते येतं. त्याला एवढंच कळतं की कुणीतरी काहीतरी पाठवलंय.

आता इथं आम्हाला आमच्याच लोकांवरही थोडी टीका करायची आहे. बाजारात काही मिळत नाही म्हटल्यावर आपण शिक्षक आणि पालक काय करतो? "सोपं" करून देतो. प्रत्येक धड्याचे पाच प्रश्न, दोन-दोन ओळींची उत्तरं, पास होण्यापुरतं. हेतू चांगला असतो. आम्हीही हे केलंय, म्हणून बोलायचा अधिकार घेतो. पण यात एक घोटाळा आहे. त्या मुलीनं औरंगपुऱ्यातून येताना मोठी अक्षरं मागितली होती, सोपे प्रश्न मागितले नव्हते. रूप बदलून द्या म्हणणाऱ्याला आपण मजकूर कापून देतो. काही मुलांना, विशेषतः बौद्धिक अक्षमता असलेल्यांना, आशय कमी करून देणं खरोखरच गरजेचं असतं. त्यांच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग विचारात घेता येतो. तिथं पाच वर्षांत नऊ संधी मिळतात, एकेक विषय घेत पुढं जाता येतं. पण ज्याला फक्त दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याला पस्तीस गुणांचं पुस्तक देणं म्हणजे परीक्षेआधीच त्याचा निकाल लावणं आहे.

प्रकाशकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, ग्राहक किती? मोठ्या अक्षरातली आवृत्ती काढली तर परवडणार नाही. छापील आवृत्तीपुरतं हे कदाचित खरंही असेल. पण पुस्तक छापायच्या आधी ते संगणकावर तयार होतं. ती फाइल युनिकोडमध्ये ठेवली, आकृत्यांना दोन ओळींचं वर्णन जोडलं आणि मागणाऱ्याला दिली, तर वेगळी आवृत्ती छापावीच लागणार नाही. आणि खासगी प्रकाशकाला नफा बघावा लागतो, हे मान्य केलं तरी सरकारी संस्थांचं काय? पाठ्यपुस्तकं काढणारी बालभारती १९६७ पासून याच राज्याची संस्था आहे. तिची पुस्तकं आज कुणालाही मोफत उतरवून घेता येतात, ही मोठी सोय आहे. करोनाच्या काळात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं दहावी-बारावीच्या प्रश्नपेढ्या तयार करून खुल्या केल्या. म्हणजे सरावाचं साहित्य सरकारनं काढायचं नसतं, असा काही नियम नाही. गरज सगळ्यांची होती तेव्हा ते निघालं. गरज थोड्यांची आहे, म्हणून ते निघू नये? कलम १७ तर थोड्यांसाठीच लिहिलंय.

"परीक्षेत सवलत मिळते ना, मग आणखी काय?" असं विचारणाऱ्यांसाठी एक प्रकरण सांगतो. २०२१ च्या 'नीट' परीक्षेत लेखन अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास केंद्रावर मिळाला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिच्यावर अन्याय झाला हे न्यायालयानं नोव्हेंबर २०२१ मध्ये मान्य केलं आणि तो कसा दुरुस्त करता येईल याचा विचार परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेनं करावा, असं सांगितलं. पुन्हा परीक्षा मात्र झाली नाही. गेलेला तास न्यायालयालाही परत आणता येत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की सरावात हक्कांचाही सराव यायला हवा. "माझा जादा वेळ चाळीस मिनिटांचा आहे, हे माझं पत्र," हे वाक्य मुलानं पर्यवेक्षकाला स्वतः, न घाबरता सांगायला शिकलं पाहिजे. तेही सराव परीक्षेत दोनदा-तीनदा म्हणून बघायला हवं.

मग करायचं काय? टीका करून घरी जायचं असतं तर तुम्हाला बोलावलं नसतं.

बरेच पालक विचारतात, गाईड मोठं करून किंवा रेकॉर्ड करून वाटलं तर प्रकाशक केस करेल का? कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आहे. दिव्यांग व्यक्तीला वाचता-ऐकता येईल अशा रूपात पुस्तक आणणं, आणि शिक्षणासाठी ते दुसऱ्या दिव्यांग व्यक्तीला देणं, याला कलम ५२ नं मोकळीक दिली आहे. त्यातून पैसे मात्र कमवायचे नाहीत. याच हेतूचा माराकेश करार २०१३ मध्ये झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत होता. तेव्हा भीती सोडा.

पहिलं काम झेरॉक्सच्या दुकानातलं. ए-चार पान ए-तीनवर मोठं केलं की अक्षर जवळपास दीडपट होतं. बारा पॉइंटचं अक्षर सतरावर जातं. मोठ्या अक्षराच्या छपाईसाठी साधारण अठरा पॉइंट धरतात, म्हणजे आपण अगदी जवळ पोचतो.

दुसरं काम आवाजाचं. जुनी प्रश्नपत्रिका एकानं स्पष्ट, न घाई करता वाचून फोनवर रेकॉर्ड करायची. आकृती आली की तिचं वर्णन करायचं. गणित आलं की कंसासकट बोलायचं.

तिसरं काम लेखनिकाचं. डिसेंबरपासून निदान पाच पूर्ण पेपर त्याच जोडीनं, पूर्ण वाढीव वेळ लावून. नववीतल्या त्या मुलाचाही यात फायदा असतो. त्याचं दहावीचं अर्धं गणित ऐकूनच होतं.

चौथं काम शोधायचं. 'सुगम्य पुस्तकालय' हे २०१६ मध्ये सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या वाचकांसाठी आहे. तिथं मुलाचं नाव नोंदवा. जे पुस्तक तिथं नाही, ते मागा. मागणी नोंदली गेली नाही, तर "कुणी मागतच नाही" हे उत्तर तयार असतं.

आणि पाचवं काम आपल्या सगळ्यांचं. आपल्या विभागीय मंडळात छत्रपती संभाजीनगर, बीड, जालना, परभणी आणि हिंगोली असे पाच जिल्हे येतात. पाच जिल्ह्यांत ठिकठिकाणी कुणी ना कुणी शिक्षक रात्री बसून एकेका मुलासाठी हेच काम करतोय आणि मुलगा पास झाला की ती फाइल त्याच्याबरोबर संपतेय. पुढच्या वर्षी दुसरा शिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ती फाइल जपा, युनिकोडमध्ये ठेवा, शेजारच्या तालुक्यातल्या शाळेला द्या.

हे सगळं करताना एक विसरायचं नाही. हे काम आपण सरकारच्या वतीनं उसनं करतोय. आपण करतोय म्हणून त्यांची जबाबदारी संपत नाही. म्हणून प्रत्येक फाइलबरोबर एक पत्रही जायला हवं. आमच्या मुलासाठी सरावाचं साहित्य द्या, कलम १७ प्रमाणे. पत्राची पोच घ्यायला विसरू नका.

त्या मुलीचं काय झालं, असं तुम्ही मनात विचारत असाल. दुकानातून आणलेलं गाईड आम्ही ए-तीनवर काढलं, मधून स्पायरल मारलं. ते इतकं मोठं झालं की तिच्या दप्तरात मावेना. ती ते हातात धरूनच शाळेत यायची. वर्गातल्या मुलांनी पहिले दोन दिवस हसून घेतलं. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा एक मुलगा तिच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "मला पण यातनं वाचू दे की. मला ते बारीक दिसत नाही." त्याला चष्मा लागलाय हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.